विश्लेषण : ‘फ्लेमप्रूफ’ पाटी असूनही कारखान्यात ठिणगी कशी पडते?

तेलंगणातील पाशमैलारम औद्योगिक वसाहतीत ३० जून २०२५ रोजी सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात भीषण स्फोट झाला. बेपत्ता कामगार धरून पन्नासहून अधिक जणांचा त्यात बळी गेला. तेथे दारूगोळा बनत नव्हता. औषधाच्या गोळ्यांत भर घालण्यासाठी वापरली जाणारी पांढरी भुकटी बनत होती. त्याच्या दहा महिने आधी, २१ ऑगस्ट २०२४ रोजी, आंध्र प्रदेशातील अच्युतापुरम येथील एका औषधनिर्मिती कारखान्यात ज्वलनशील द्रावकाची गळती झाली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. वायू, वाफ किंवा धूळ पेटू शकेल अशा जागी कोणती मोटर, कोणता दिवा, कोणते बटण वापरावे याचे नियम जगभर आहेत आणि भारतातही आहेत. तरीही असे अपघात का होत राहतात? ही उपकरणे नेमकी काम कशी करतात आणि त्यांचे संरक्षण कुठे निकामी होते?

स्फोटासाठी नेमके काय लागते?

जळणारा पदार्थ, हवेतील प्राणवायू आणि ठिणगी किंवा उष्णता या तीन गोष्टी एकत्र आल्या की आग लागते. मात्र वायू किंवा वाफेचा स्फोट होण्यासाठी तिचे हवेतील प्रमाण ठराविक मर्यादेत असावे लागते. मिथेनसाठी ही मर्यादा साधारण ५ ते १५ टक्के आहे. त्याहून कमी असेल तर जळायला पुरेसे इंधन नसते, जास्त असेल तर प्राणवायू अपुरा पडतो. हायड्रोजनच्या बाबतीत मात्र ही मर्यादा ४ ते ७५ टक्के इतकी रुंद आहे. म्हणूनच तो अधिक धोकादायक मानला जातो.

ठिणगी किती मोठी हवी? मिथेन-हवेचे मिश्रण पेटवायला सुमारे ०.२८ मिलिज्यूल ऊर्जा पुरते, तर हायड्रोजनला ०.०२ मिलिज्यूलच्या आसपास. हिवाळ्यात दाराच्या कडीला हात लावल्यावर जो झटका बसतो, त्यातील ऊर्जा याहून कितीतरी अधिक असते. साध्या बटणाची उघडझाप, मोटरच्या कार्बन ब्रशची ठिणगी, तापलेले बेअरिंग, प्लास्टिकच्या पिशवीतून भुकटी ओतताना तयार होणारी स्थिर वीज, यांपैकी काहीही पुरेसे ठरू शकते. कारखान्यात इंधन आणि हवा दोन्ही असतातच. त्यामुळे संरक्षणाचा मोठा भार तिसऱ्या घटकावर, म्हणजे ठिणगी रोखण्यावर पडतो.

साखर आणि पीठही पेटते का?

हो. साखर, मैदा, स्टार्च, लाकडाचा भुसा, कोळसा, अॅल्युमिनियमची पूड, औषधाची भुकटी असे बहुतेक सेंद्रिय पदार्थ आणि काही धातू पुरेसे बारीक झाले आणि हवेत तरंगू लागले की स्फोटक होतात. साखरेच्या ढिगाला काडी लावली तर ती वितळते, करपते. तीच साखर धुळीच्या ढगाच्या रूपात असेल तर प्रत्येक कणाभोवती प्राणवायू असतो आणि सगळे कण जवळजवळ एकाच वेळी जळतात.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथील इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी असाच स्फोट होऊन १४ जण मरण पावले. बंदिस्त कन्व्हेअरमधील तापलेल्या बेअरिंगमुळे पहिला स्फोट झाला असावा, असा निष्कर्ष तेथील तपास यंत्रणेने काढला. पण खरा विध्वंस त्यानंतर झाला. पहिल्या हादऱ्याने मजल्यांवर, तुळयांवर, पाइपांवर साचलेली साखरेची धूळ उडाली आणि ती पेटत गेली. धुळीच्या बाबतीत हा दुसरा स्फोट बहुधा पहिल्यापेक्षा अधिक घातक ठरतो. त्यामुळे तेथे झाडलोट हा स्वच्छतेचा नव्हे, तर सुरक्षेचा भाग असतो. पाशमैलारमच्या दुर्घटनेतही भुकटी सुकवणाऱ्या विभागाकडे आणि बारीक धुळीच्या स्फोटाकडे प्राथमिक संशय वळला होता.

‘झोन’ म्हणजे काय?

कारखान्यातील प्रत्येक कोपरा सारखाच धोकादायक नसतो. म्हणून स्फोटक वातावरण किती वेळ राहू शकते यावरून जागेचे भाग पाडले जातात. वायू आणि वाफेसाठी झोन ०, १ आणि २ असे तीन वर्ग आहेत. जेथे स्फोटक मिश्रण सतत किंवा दीर्घकाळ असते तो झोन ०. पेट्रोलच्या टाकीचा आतला भाग हे त्याचे उदाहरण. नेहमीच्या कामकाजातही जेथे ते अधूनमधून तयार होऊ शकते तो झोन १. एरवी जेथे नसते, पण बिघाड झाल्यास थोडा वेळ तयार होऊ शकते तो झोन २. धुळीसाठी याच धर्तीवर झोन २०, २१ आणि २२ आहेत.

ही आखणी कागदावरचा सोपस्कार नसते. कोणता पदार्थ, किती दाब, गळतीच्या शक्यता कुठे, हवा कशी खेळते, वाफ हवेपेक्षा जड की हलकी, हे सगळे पाहावे लागते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती जमिनीलगत सरकते आणि गटारात, केबलच्या चरात साचते. हायड्रोजन वर जातो आणि छताखाली कोंडतो. म्हणजे एकाच कारखान्यात एका पदार्थासाठी जमिनीजवळचा सॉकेट धोक्याचा, तर दुसऱ्यासाठी छताचा दिवा.

‘फ्लेमप्रूफ’ पेटीत वायू शिरतच नाही?

हा सर्वात मोठा गैरसमज आहे. फ्लेमप्रूफ पेटी हवाबंद नसते. यंत्र तापते आणि थंड होते तशी पेटी बाहेरची हवा आत घेते आणि सोडते. तिच्याबरोबर ज्वलनशील वायूही आत जाऊ शकतो, आतील ठिणगीने तो पेटूही शकतो. पेटीचे काम वेगळे आहे. आतला स्फोट सोसण्याइतकी ती मजबूत असते आणि झाकण व पेटी यांच्यामधील अरुंद, लांब, काटेकोर फटीतून बाहेर पडणारे तप्त वायू इतके थंड होतात, की बाहेरचे मिश्रण पेटत नाही. थोडक्यात, ती स्फोट टाळत नाही, कोंडून ठेवते.

सारे संरक्षण या फटीवर अवलंबून असते. प्रोपेनची ज्वाला सुमारे ०.९ मिलिमीटरपर्यंतच्या फटीत विझू शकते. हायड्रोजनसाठी हीच मर्यादा ०.३ मिलिमीटरहूनही कमी आहे. म्हणून झाकणाच्या कडेवर चढलेला गंज, ओरखडा किंवा रंगाचा थर ही दिसण्यापुरती बाब राहत नाही.

याखेरीज इतरही पद्धती आहेत. ‘वर्धित सुरक्षा’ प्रकारात मुळात ठिणगी पडणार नाही किंवा भाग जास्त तापणार नाही अशी बांधणी असते. काही पॅनेलमध्ये स्वच्छ हवेचा किंवा नायट्रोजनचा दाब ठेवून बाहेरचा वायू आत येऊ दिला जात नाही. काही सुटे भाग रेझिनमध्ये पूर्ण गाडून टाकले जातात. सर्वात वेगळी पद्धत ‘अंतर्गत सुरक्षा’ ही आहे. त्यात मंडलातील वीजच इतकी कमी ठेवली जाते, की तार तुटली किंवा शॉर्ट झाली तरी पडणारी ठिणगी वायू पेटवू शकत नाही.

या विचाराचे मूळ कोळसा खाणीत आहे. वेल्समधील सेंगहेनिड खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी झालेल्या स्फोटात ४३९ खाणकामगार गेले. संकेत देणाऱ्या विजेच्या घंटेच्या ठिणगीवर तेव्हा संशय घेतला गेला. बॅटरीवर चालणारी घंटा निरुपद्रवी समजली जात असे. पुढील प्रयोगांत कमी व्होल्टेजच्या मंडलातील ठिणगीही मिथेन पेटवू शकते, हे स्पष्ट झाले आणि ठिणगीतील ऊर्जाच मर्यादित ठेवण्याचे तंत्र आकाराला आले.

पेट्रोल पंपावर मोबाइल नको, तो याचमुळे?

काही अंशी. मोबाइलच्या लहरींमुळे पंपावर आग लागल्याचे ठोस पुरावे नाहीत. पंपावरील अनेक आगींमागे शरीरावर साचलेली स्थिर वीज कारणीभूत असल्याचे मानले जाते. परंतु साधा मोबाइल स्फोटक वातावरणासाठी तपासलेला नसतो. तो खाली पडला, बॅटरी निसटली किंवा तापली तर काय होईल याची हमी कुणी दिलेली नसते. रिफायनरीत किंवा रासायनिक कारखान्यात वापरले जाणारे फोन, वॉकीटॉकी आणि टॉर्च अंतर्गत सुरक्षेच्या निकषांवर तपासलेले असतात आणि त्यांची किंमत बरीच जास्त असते. रात्रपाळीत व्हॉल्व्ह पाहण्यासाठी खिशातल्या मोबाइलची टॉर्च लावणे ही सवय म्हणूनच धोक्याची आहे.

पाटीवरची अक्षरे काय सांगतात?

प्रमाणित उपकरणावर एक धातूची पाटी असते. तिच्यावर ‘एक्स डी, आयआयबी, टी४’ अशी खूण आढळते. ‘एक्स’ म्हणजे स्फोटक वातावरणासाठी, ‘डी’ म्हणजे फ्लेमप्रूफ पेटी. पुढचा भाग वायूचा गट सांगतो. प्रोपेनसारखे वायू ‘आयआयए’ गटात, इथिलीनसारखे ‘आयआयबी’त, तर हायड्रोजन आणि अॅसिटिलीन सर्वात कडक अशा ‘आयआयसी’ गटात येतात. खाणीतील मिथेनसाठी गट ‘आय’, धुळीसाठी गट ‘आयआयआय’ आहे.

‘टी’ हा तापमानाचा वर्ग. टी१ म्हणजे उपकरणाचा पृष्ठभाग ४५० अंश सेल्सियसपर्यंत तापू शकतो. टी३ म्हणजे २०० अंश, टी४ म्हणजे १३५ आणि टी६ म्हणजे ८५ अंश. ठिणगी पडलीच नाही तरी मोटरचे तापलेले अंग वायूला पेटवू शकते, म्हणून हा आकडा ठिणगीइतकाच महत्त्वाचा. आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. पाटीवर वेगळे लिहिले नसेल तर हे तापमान उणे २० ते ४० अंशांपर्यंतच्या परिसरासाठी गृहीत धरलेले असते. चंद्रपूर, नागपूरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेथे उपकरण निवडताना ही ओळ वाचावीच लागते.

प्रमाणपत्र कोण देते?

पेट्रोलियम साठे, रिफायनऱ्या, पंप अशा ठिकाणच्या विद्युत उपकरणांना पेट्रोलियम नियम, २००२ अन्वये पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची, म्हणजे ‘पेसो’ची मान्यता लागते. या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. खाणींसाठी धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालय हे काम पाहते. तांत्रिक निकष भारतीय मानक संस्थेने स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय ६००७९ मालिकेत आहेत. युरोपात यासाठी ‘एटेक्स’ हे निर्देश लागू आहेत. त्यांतील एक निर्देश उपकरण बनवणाऱ्यावर जबाबदारी टाकतो, तर दुसरा कारखाना चालवणाऱ्यावर.

भारतात कारखाना चालवणाऱ्याची जबाबदारी कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ मध्ये होती. ज्वलनशील धूळ-वायू साचू न देणे आणि पेटण्याची संभाव्य कारणे दूर किंवा बंदिस्त ठेवणे त्याने बंधनकारक केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. राज्यात अंमलबजावणीची जबाबदारी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे.

मग साखळी तुटते कुठे?

प्रयोगशाळेने तपासलेला असतो तो उपकरणाचा नमुना. कारखान्यातील भिंतीवर पाच वर्षे टांगलेली, तीनदा उघडलेली आणि दोनदा रंगवलेली पेटी नव्हे. प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष संरक्षण यांतील ही दरी अनेकदा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनी तयार होते.

झाकणाच्या बारा बोल्टपैकी दोन हरवले आणि उरलेल्या दहांवर काम भागवले, तर पेटी आतला दाब सोसेलच याची खात्री राहत नाही. केबल आत येते तेथे प्रमाणित ग्लँडऐवजी बाजारातली साधी ग्लँड बसवली, जादा केबलसाठी पेटीला ड्रिलने नवे भोक पाडले, न वापरलेले भोक प्लास्टिकच्या बुचाने बंद केले, पाणी शिरू नये म्हणून फटीत कडक होणारे सीलंट भरले, जळलेली मोटर कोपऱ्यावरच्या दुकानातून रिवाइंड करून आणली किंवा फुटलेल्या फ्लेमप्रूफ दिव्याच्या जागी साधा एलईडी लावला, तर महागडे उपकरण साध्या पेटीइतकेच उरते. पाटी मात्र तशीच राहते आणि खोटा दिलासा देत राहते.

दुसरी कमजोर कडी बदलांची. द्रावक बदलले, नवा रिअॅक्टर आला, भिंत उभारून हवेचा मार्ग बंद झाला, तरी झोनचा नकाशा जुनाच राहतो. आयआयए गटासाठी घेतलेल्या मोटरजवळ हायड्रोजनचा वापर सुरू झाला, तर मोटर उत्तम स्थितीत असूनही अपुरी ठरते.

तिसरी कडी माणसांची. स्फोटक वातावरणातील उपकरणे चालू करण्यापूर्वी सखोल तपासणी व्हावी आणि पुढील नियतकालिक तपासण्यांतील अंतर तज्ज्ञांच्या सल्ल्याविना तीन वर्षांपेक्षा जास्त असू नये, असे मानके सांगतात. ही तपासणी करणाऱ्याला फट, ग्लँड आणि तापमान-वर्ग यांचे ज्ञान असावे लागते. प्रत्यक्षात मेंटेनन्सचे काम बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराकडे असते. वीज बंद न करता पेटी उघडू नये ही सूचना झाकणावर कोरलेली असते. पण उत्पादन थांबवण्याचा अधिकार ती उघडणाऱ्या कामगाराकडे नसतो. वेल्डिंगपूर्वी वायूची मोजणी करून परवाना देण्याची पद्धतही घाईच्या वेळी कागदापुरती उरते.

सगळी उपकरणे योग्य असली तर धोका टळतो?

नाही. जयपूरजवळील सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या आगारात २९ ऑक्टोबर २००९ रोजी पेट्रोलची गळती तासाहून अधिक काळ सुरू राहिली. वाफेचा ढग पसरत गेला आणि स्फोटात ११ जणांचा मृत्यू झाला. एम. बी. लाल समितीने ठिणगीची दोन संभाव्य उगमस्थाने सांगितली. एक, प्रशासकीय इमारतीतील फ्लेमप्रूफ नसलेली विद्युत उपकरणे आणि दुसरे, सुरू केलेले वाहन. कार्यालयात साधी बटणे असणे नियमबाह्य नव्हते, कारण ती जागा धोकादायक झोनमध्ये गणली जात नाही. ढगच रेषा ओलांडून तेथे पोहोचला. गळती वेळीच थांबवता आली नाही, तर झोनची रेषा कुणालाही वाचवत नाही.

शिवाय काही स्फोटांना बाहेरची ठिणगी लागतच नाही. रिअॅक्टरमधील प्रक्रिया नियंत्रणाबाहेर गेली किंवा पेरॉक्साइडसारखा अस्थिर पदार्थ विघटित होऊ लागला, तर फ्लेमप्रूफ मोटर काही करू शकत नाही. तेथे तापमान-दाबाचे नियंत्रण, आपत्कालीन थंडावा आणि दाब सोडणारी व्यवस्था कामी येते. त्यामुळे प्रत्येक दुर्घटनेनंतर ‘शॉर्टसर्किट’ एवढेच कारण सांगणे पुरेसे ठरत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता महत्त्वाचा का?

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत झालेल्या स्फोटात १२ जणांचा मृत्यू झाला. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट झाला. त्यानंतर धोकादायक कारखाने लोकवस्तीतून हलवण्याच्या घोषणा झाल्या. स्थलांतराने शेजारच्या इमारतींतील रहिवासी सुरक्षित होतील. कामगार मात्र कारखान्याबरोबरच जातो आणि जुनी मोटर, जुना पॅनेल, जुनी सवयही त्याच्याबरोबर जाते.

दुसरीकडे धोक्याच्या जागा वाढत आहेत. राज्यातील अनेक साखर कारखान्यांनी इथेनॉलचे प्रकल्प उभारले आहेत. शुद्ध इथेनॉलची वाफ १३-१४ अंश सेल्सियसलाच पेट घेण्याजोगी होते. राज्यातील जवळपास प्रत्येक दुपार त्याहून उष्ण असते. ज्या कारखान्यांत आजवर ऊस, बगॅस आणि साखर हाताळली गेली, तेथील वायरमनला आता झोन १ मध्ये काम करावे लागत आहे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. हायड्रोजनसाठी सर्वात कडक गटाची उपकरणे आणि तितकीच काटेकोर देखभाल लागेल.

उपाय काय?

त्यासाठी नवे तंत्रज्ञान शोधावे लागणार नाही. प्रत्येक कारखान्यात झोनचा अद्ययावत नकाशा आणि त्यातील प्रत्येक उपकरणाची नोंदवही असणे, बदल करण्यापूर्वी दोन्ही तपासणे, दुरुस्ती केवळ या कामाची माहिती असलेल्या कार्यशाळेत करणे आणि कंत्राटी विद्युत कामगारांना प्रशिक्षण देणे ही यादी जुनीच आहे. आयटीआयच्या वायरमन आणि इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रमात धोकादायक क्षेत्रातील कामाला पुरेसा वेळ दिला, तर छोट्या कारखान्यांनाही जाणकार हात मिळतील. सरकारी तपासणीतही प्रमाणपत्रांची फाइल पाहण्याबरोबर काही पेट्या प्रत्यक्ष उघडून पाहिल्या जाव्यात. बोल्ट पूर्ण आहेत का, ग्लँड योग्य आहे का, फटीवर गंज आहे का, हे पाहायला फार वेळ लागत नाही. विजेरी आणि मोजपट्टी घेऊन वाकून पाहणारा माणूस मात्र लागतो.